द्रावण उसने, रीत कमावलेली

प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढू लागल्यापासून चिघळलेल्या जखमांसाठी जुनी, स्वस्त जंतुनाशके पुन्हा तपासली जात आहेत. हा नाइलाजाने धरलेला मार्ग आहे असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. जखमेवर नाव कमावलेली बहुतेक जंतुनाशके दुसऱ्याच कामासाठी जन्माला आली होती. क्लोरीनयुक्त द्रावणे आधी कापड पांढरे करण्याच्या उद्योगात होती. कोळशाच्या डांबरातून मिळणारे कार्बोलिक आम्ल कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी वापरले जात होते. तेथील अनुभव कानावर आल्यावर जोसेफ लिस्टर यांनी ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात, गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर ते लावले. हाड कातडी फाडून बाहेर आले की पाय कापण्याची वेळ अनेकदा येई, अशा त्या काळात हा पाय वाचला. उसने घेणे हाच या विद्येचा जुना मार्ग आहे. मात्र उसन्या द्रव्याला उपचाराचे रूप येते ते मात्रा, पद्धत आणि रोजची मेहनत यांमुळे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पहिल्या महायुद्धात सापडतो. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेणखत घातलेल्या शेतांत लढाई चालली होती. तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर माती आणि कपड्यांच्या चिंध्या मांसात खोलवर जात आणि वायुकोथाने धडधाकट सैनिक दगावत. कोंपियेनच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी १९१५ मध्ये सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त द्रव्य हाती घेतले. बाजारातल्या द्रावणातला अल्कलीचा अंश कातडी भाजून काढी, म्हणून डेकिन यांनी बोरिक आम्लाने तो आटोक्यात आणला आणि तीव्रता सुमारे ०.५ टक्क्यावर बांधली. पण ही निम्मीच कामगिरी होती. उरलेली निम्मी कॅरेल यांच्या शिस्तीत होती. आधी मेलेले मांस आणि आत अडकलेला कचरा कापून काढायचा. मग भोके पाडलेल्या रबरी नळ्या जखमेच्या कानाकोपऱ्यांत बसवून दर दोन तासांनी ताजे द्रावण सोडायचे. भोवतालची कातडी व्हॅसलीन लावलेल्या पट्ट्यांनी झाकायची. आणि जखमेतला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जंतूंची मोजणी जवळपास शून्यावर आल्यावरच टाके घालायचे. हे सारे शिकवण्यासाठी रॉकफेलर संस्थेने १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खास प्रात्यक्षिक रुग्णालय उभारले. द्रावण बाटलीत भरून कुठेही पाठवता आले असते. रीत मात्र हाताने शिकवावी लागत होती.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याच युद्धात नोंदवला. बुलोनच्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या नळीला अणकुचीदार फाटे काढून खऱ्या जखमेसारखी खोबणीदार जखम तयार केली. जंतुनाशक ओतून काढल्यावरही फाट्यांच्या टोकांत जंतू जिवंत राहत. शिवाय ही रसायने जंतूंआधी शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी मारत. आक्षेप खरा होता, पण तो एकदाच ओतून मोकळे होण्याच्या सवयीला अधिक लागू पडतो. हायपोक्लोराइट पू आणि मृत ऊतींशी संयोग पावून लवकर संपते, म्हणूनच दर दोन तासांचा आग्रह होता. आणि खोबणी उरू नयेत म्हणून आधी कापाकापी होती. पेशींना होणाऱ्या इजेचा मुद्दा मात्र टिकून राहिला. १९८० च्या दशकातील प्रयोगांनी तो पुन्हा पुढे आणला, तेव्हा द्रावणच टाकून द्यावे असा सूर उमटला. पण १९९१ मध्ये ०.०२५ टक्के, म्हणजे मूळच्या विसाव्या हिश्शाइतके सौम्य द्रावणही जंतू मारते आणि ऊतींना सोडते असे दाखवले गेले. आक्षेपाने मात्रा सुधारली, उपचार बाद झाला नाही.

मग ही विद्या मागे का पडली? पेनिसिलिन आले आणि दोन तासांची पाळी सांभाळण्याची गरजच उरली नाही असे वाटू लागले. जे मागे पडले त्यात सौम्य आम्लेही होती. हिरवट पू आणणाऱ्या स्यूडोमोनास जंतूवर १९१६ मध्येच १ टक्का अ‍ॅसिटिक आम्ल वापरल्याची नोंद आहे. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी भाजलेल्या जखमांत आढळणाऱ्या जंतूंच्या चिकट थरांवर त्याहूनही सौम्य प्रमाणात त्याचा परिणाम प्रयोगशाळेत दाखवला. आपल्याकडे लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बसवराज नागोबा आणि सहकाऱ्यांनी ३ टक्के सायट्रिक आम्लाने, प्रतिजैविके निष्प्रभ ठरलेल्या जखमा आणि मधुमेहींच्या पायांचे व्रण हाताळून त्याचे अहवाल प्रसिद्ध केले. जिल्ह्याच्या ठिकाणी परवडेल अशा साधनाने केलेले हे काम मोलाचे आहे.

तरीही दोन शंका टाळता येत नाहीत. पहिली पुराव्याची: अशा अहवालांत तुलनेसाठी दुसरा गट अनेकदा नसतो, आणि पेटंट नसलेल्या स्वस्त रसायनाच्या मोठ्या चाचणीला पैसा लावण्यात कंपन्यांना लाभ नसतो. म्हणून हा खर्च सार्वजनिक निधीनेच उचलायला हवा. दुसरी शंका प्रतिरोधाची. २०१७ च्या एका अभ्यासात क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाला सरावलेले क्लेबसिएला जंतू कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या प्रतिजैविकालाही जुमानेनासे झाले. जंतुनाशक सरसकट ओतत राहिले तर प्रतिजैविकांची कहाणीच पुन्हा घडेल. पण याचे उत्तरही कॅरेल यांच्या रुग्णालयातच आहे: जखम स्वच्छ करा, मोजा, गरज संपताच थांबा.

म्हणूनच जुन्या बाटल्यांवर नवी लेबले लावून हे काम होणार नाही. आज प्रत्येक चाचणीत द्रव्याबरोबर त्याची तीव्रता, ते किती वेळा द्यायचे आणि जखम आधी कशी साफ करायची हेही तपासले पाहिजे; आणि ड्रेसिंग बदलणाऱ्या परिचारिकेचा वेळ व प्रशिक्षण हा उपचाराचाच खर्च मानला पाहिजे. त्यात कसर केली तर उत्तम रसायनही निष्फळ ठरेल, आणि मग दोष चुकून रसायनाला दिला जाईल.