चंदन, रवा आणि किल्लीचं घड्याळ

चला, निघू या. सामान काही लागणार नाही. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी लुगडं नेसलं, की गर्दीत कुणी वळून बघणार नाही. आपण बंगळूरला चाललो आहोत. काळ 1916 सालचा, उतरायचं चिक्कपेटेत.

उतरलात? पाय जपून टाका, खाली घोड्याची लीद आहे. गल्ली एवढी अरुंद, की समोरून पोत्यांनी लादलेली बैलगाडी आली की तुम्हाला कुठल्या तरी दुकानाच्या फळीवरच चढावं लागतं. खुशाल चढा. दुकानदार ‘बन्नि स्वामी’, म्हणजे ‘या साहेब’, म्हणत सरकून जागा देईल. शेजारच्या अक्किपेटेतून तांदळाचा कोंडा उडत येतोय आणि थेट नाकात शिरतोय. पलीकडे कब्बनपेटेत मागांची खटखट चालली आहे. जटकावाला घोड्यावर आणि माणसांवर सारख्याच आवाजात ओरडतोय. कन्नड, तेलुगू, तमिळ, दख्खनी उर्दू असं सगळं एकदम कानावर आदळतंय. आणि हे काय? मराठी! तो कापड रंगवणारा भावसार आपल्या पोराला मराठीत रागे भरतोय. हेल वेगळा, शब्द थोडे वेगळे, तरी सगळं कळतंय. शहाजीराजांनी इथे जहागीर सांभाळली त्या काळापासून मराठी या शहरात नांदते आहे.

जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, बसा. हाडं जरा खिळखिळी होतील, पण गावाबाहेर उत्तरेकडे चार-पाच मैलांवर जायचंय. लोक तिथल्या विज्ञानसंस्थेला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. वस्ती मागे पडते, धूळ खाली बसते, हवा गार होते. आणि मग तो वास येतो.

एकदम ओळखीचा आहे ना? देवघरातली सहाण, खोड, थेंबभर पाणी. पण घरी तो वास दोन बोटांपुरता असतो. इथे तो भिंतींना, कपड्यांना, तुमच्या जिभेला चिकटतो. प्रयोगशाळेत चंदनाच्या गाभ्याचा भुगा बंद भांड्यात भरलाय आणि त्यातून वाफ सोडली आहे. पुढे हात नेऊ नका, भाजेल. वाफ नळीतून जाते, गार होते, पाण्यावर फिकट पिवळा थर साचू लागतो. तेच चंदनाचं तेल. शंभर किलो लाकडातून जेमतेम चार-पाच किलो निघतं आणि तेवढ्यासाठी भट्टी तासन् तास धगधगत ठेवावी लागते. कपाळावरचा घाम पुसत भांड्याकडे टक लावून बसलेले ते दोन गोरे प्राध्यापक म्हणजे सडबरो आणि वॉटसन.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचाराल. म्हैसूर संस्थानातलं चंदन पिढ्यान् पिढ्या सरकारच्या मालकीचं. ते कच्चंच बोटीवर चढायचं, युरोपात जायचं आणि त्याचं तेल तिकडे निघायचं. महायुद्ध पेटलं, बोटी थांबल्या आणि सरकारी कोठारांत चंदनाच्या राशी पडून राहिल्या. हे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण मुळांत तेल सगळ्यांत जास्त. मग वरचं पांढरं लाकूड तासून आतला पिवळट-तपकिरी गाभा वेगळा काढतात. एवढे कष्ट घेतलेला माल अडून पडला, तेव्हा कुणाला तरी म्हणावंच लागलं: आपलं तेल आपणच काढू. महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ते मनावर घेतलं.

आता दोन वर्षं पुढे चला, 1918 मध्ये, कब्बन पार्कजवळच्या सरकारी साबण कारखान्यात. डोळे बारीक करा, कॉस्टिक सोडा झोंबतोय. मोठ्या कढईत तेल आणि सोड्याचं पाणी रटरटतंय. गडी उघड्या अंगाने लांब दांड्याने ढवळतोय, त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहताहेत. मिठाचं पाणी घातलं की साबण वर येतो आणि बाकीचं पाणी तळाशी बसतं. या सगळ्याचा जाणकार म्हणजे सोसले गरळपुरी शास्त्री. संस्थानाने त्यांना साबणाची विद्या शिकायला इंग्लंडला धाडलं होतं. चंदनाचं तेल साबणात टिकवायचं कसं, हा त्यांचा ध्यास. लोक त्यांना पुढे साबण शास्त्रीच म्हणू लागले.

हातात घ्या ती वडी. लंबगोल आहे, तळव्यात नीट बसते. तिची डबी बघा, फुलाफुलांची, दागिना ठेवावा तशी. त्यावरचं चित्र शरभाचं आहे: सिंहाचं धड, हत्तीचं तोंड. बळ आणि शहाणपण एकत्र, असा त्याचा अर्थ. आता न्हाणीघरात चला. तांब्याच्या हंड्याखाली ओली लाकडं धुमसताहेत, धुराने डोळ्यांना पाणी आलंय. आजवर इथे शिकेकाई होती, डाळीचं पीठ होतं. आज ही वडी अंगावर फिरवा. एरवी देवाच्या कपाळी लागणारा सुगंध मानेवरून, दंडावरून ओघळतोय. अंग पुसलंत, कपडे घातलेत, तरी तो जात नाही. म्हैसूर सँडल नावाचा हा साबण दिवाळीच्या पहाटे तुमच्या-आमच्या घरांत पोचला, तो याच धुरातून.

न्हाणं झालं, आता भूक लागली असेल. थोडं आणखी पुढे सरकू या. पुन्हा महायुद्ध आहे, दुसरं. काळ 1942 नंतरचा. शहराच्या आकाशात विमानं घरघरताहेत, कारण हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना इथेच आहे. रस्त्यावर खाकी कपड्यांची दाटी. आणि अक्किपेटेत तो कोंडा उडत नाहीये, बघितलंत? ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेला, तिथला तांदूळ येणं थांबलं. वाण्याच्या पोत्याचा तळ दिसतोय. रांगेतल्या बायका पिशव्या घडी करून परत निघाल्या आहेत.

ज्या गावात सकाळ इडलीने उजाडते, तिथे तांदूळ संपणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

लालबागेच्या बाजूला वळा. उडुपीकडच्या मय्या बंधूंनी 1924 मध्ये काढलेला हा ब्राह्मिन कॉफी क्लब. मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, हे नाव त्याला पुढे मिळेल. आत शिरण्याआधीच कॉफीच्या बिया भाजल्याचा वास तुम्हाला पकडतो. पण आपण सरळ मुदपाकखान्यात जाऊ. सांभाळून, फरशी ओली आहे. एरवी इथे पहाटे दगडी रगडा घरघरत असतो. आज तांदूळच नाही, म्हणून तो गप्प आहे.

मग आचारी काय करतोय? कढईत तूप. तुपात मोहरी तडतडली, हरभऱ्याची डाळ लाल झाली, कढीपत्ता पडला तसा चर्रर्र आवाज, मिरचीचा ठसका, तुम्हाला शिंक येणार आता. त्यावर रवा. रवा हळूहळू भाजत आणायचा, रंग बदलायच्या आत उतरवायचा. गार झाला की दही, चिमूटभर सोडा, कोथिंबीर. रात्रभर भिजवणं नाही, वाटणं नाही, आंबवणं नाही. साच्यात तळाशी एक काजू ठेवून वर पीठ, आणि साचा वाफेत. झाकण उघडलं की गरम वाफेचा लोट तोंडावर येतो, चष्मा असेल तर दिसेनासं होतं.

बसा बाकावर. शेजारी चिकटून तिघं बसलेत, कोपराला कोपर लागतंय, वाढपी ओरडून ओरडून मागण्या सांगतोय. ताटलीत रव्याची इडली, बटाट्याचं सागू, हिरवी चटणी, छोट्या वाटीत पातळ तूप. तूप आधी इडलीवर ओता, मग तोडा. तांदळाच्या इडलीसारखी ती लुसलुशीत नाही. तिला कण आहे, मध्येच मोहरी लागते, शेवटी काजू सापडतो. वरून चांदीच्या पेल्यातली कॉफी. हा जुगाड युद्धापुरता होता. युद्ध संपलं, तांदूळ परत आला, पण इडली काही गेली नाही. आज पुणे-मुंबईच्या उडुपी हॉटेलात तुम्ही ती सहज मागवता. घरी तर पाहुणे अचानक टपकले की सुटकेचा मार्ग तीच असते.

एक शेवटची जागा दाखवतो आणि तुम्हाला सोडतो. जालहळ्ळी, 1961. चपला बाहेर काढा, हात धुवा आणि दारातून आत आल्यावर शिंकू नका. इतका वेळ धूळ, धूर, आरडाओरडा होता. इथे धुळीचा कणसुद्धा शत्रू आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपलं एचएमटी, जपानच्या सिटिझन कंपनीकडून घड्याळं करायला शिकतं आहे. लांबच लांब टेबलं, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. स्क्रू इतका बारीक, की मोठा उसासा टाकलात तर उडून जाईल. या टेबलांवर बसलेल्या कितीतरी मुली घरातून नोकरीला बाहेर पडलेल्या पहिल्याच. एक घड्याळ पुरं झालं, की जोडणारी मुलगी ते कानाशी धरते. टिक, टिक. तुम्हीही धरा.

त्यातल्याच ‘जनता’ नावाच्या घड्याळाने देशभर मनगटं पकडली. दहावी पास झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना एचएमटीच दिलं जायचं. पुढे तर ते मिळवायला वशिला लावावा लागे.

परत आलात? शर्टाला चंदनाचा वास येत असेल, येऊ द्या. आता माझं म्हणणं एवढंच. देशाची ओळख सांगणाऱ्या वस्तू कुणी सभा भरवून ठरवत नाही. बोटी अडल्या म्हणून साबण झाला, तांदूळ संपला म्हणून इडली झाली, घड्याळ परदेशातून मागवावं लागायचं म्हणून ते बनवायला आपण शिकलो. अडलेल्या माणसांनी हाताशी होतं त्यातून उत्तम काहीतरी केलं आणि ते करताना कसूर केली नाही, म्हणून लोकांनी ते आपलं मानलं. शास्त्री आणि मय्या यांची नावं टिकली. कढई ढवळणाऱ्याचं, रवा भाजणाऱ्याचं आणि भिंगातून स्क्रू बसवणारीचं नाव कुठेच नाही, आणि माझ्या लेखी अभिमानाचा मोठा वाटा त्यांचाच आहे.

साबण आणि इडली अजून जोरात आहेत. एचएमटीची घड्याळं बनवणं बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला. म्हणून घरात आजोबांचं एचएमटी असेल, तर ते भंगारात देऊ नका. दुरुस्त करून घ्या, रोज सकाळी किल्ली द्या आणि मनगटावर वापरा.