शब्दवेध : खुजा

बर्डीच्या बाजारात परवा एक आजी नातवाला दटावत होती, ‘जेवला नाही तं खुजाच राहशील!’

संस्कृत ‘कुब्ज’, प्राकृत ‘खुज्ज’, मराठी ‘खुजा’. कुब्ज म्हणजे कुबड असलेला. मराठीने कुबड वाटेत टाकलं, ठेंगणेपण तेवढं ठेवलं. मला हा प्रवास फार आवडतो.

खुजेपणावरून आठवलं : इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर, लियांग बुआ गुहेत, २००३ साली साडेतीन फुटी बाईचा सांगाडा मिळाला. काहींनी तिला आजारी माणूस ठरवलं. पण बेटावर अन्न मोजकं, वाघ-सिंह नाहीत. तिथे मोठी जनावरं पिढ्यांगणिक लहान होतात. हत्तीचा भाऊबंद स्टेगोडॉनही तिथे असाच आटला. ही बाईसुद्धा वेगळ्याच मानवजातीची होती, होमो फ्लोरेसिएन्सिस. तिला खुजी म्हणा, कुब्ज म्हणू नका.