मेस्टन निवाडा आणि मुंबई इलाख्याचा करभार : आंतरप्रांतीय तुलनेचा ऐतिहासिक अभ्यास (१९२० ते १९५२)

प्रस्तावना

एखादा प्रांत इतर प्रांतांच्या तुलनेत किती कर भरतो, हा प्रश्न भारतीय संघराज्याच्या आर्थिक इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. मध्यवर्ती तिजोरीत आपण मोठी भर घालतो, परंतु आपल्या पदरात मात्र अल्प रक्कम पडते, अशी तक्रार मुंबई इलाख्याने १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर सातत्याने केली. त्याच काळात मद्रास इलाख्याची तक्रारही तितकीच तीव्र होती. दोन्ही प्रांत आपापल्या बाजूने आकडेवारी मांडीत होते आणि दोघांचीही आकडेवारी खरी होती, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

हा विरोधाभास 'प्रांताचा करभार' या शब्दप्रयोगातील संदिग्धतेतून निर्माण झाला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. या शब्दप्रयोगात तीन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या आहेत : प्रांताच्या हद्दीत गोळा होणारा कर, प्रांतिक सरकारने मध्यवर्ती सरकारला द्यावयाची रक्कम, आणि प्रांतातील रहिवाशांच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष जाणारा कर. आंतरप्रांतीय वाद पहिल्या दोन गोष्टींभोवती फिरत राहिला. तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे प्रत्यक्ष करदात्याकडे, त्या वादात फारसे लक्ष दिले गेले नाही.

१९१९ पूर्वीची प्रांतिक वित्तव्यवस्था

१८३३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानातील सर्व महसुलाचे केंद्रीकरण झाले. लॉर्ड मेयो यांच्या १८७० च्या ठरावापासून प्रांतांना ठराविक खात्यांसाठी नेमून दिलेल्या रकमा मिळू लागल्या. पुढे रिपन यांच्या काळात, १८८२ पासून, पंचवार्षिक कराराची पद्धत आली. जमीनमहसूल, अबकारी, मुद्रांक, प्राप्तिकर यांसारख्या बाबी मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारांत विभागल्या जात. या विकासक्रमाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांची त्यास प्रस्तावना आहे.

१९१८ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने विभाजित बाबींची पद्धत रद्द करण्याची शिफारस केली. त्यानुसार जमीनमहसूल, अबकारी, मुद्रांक, जंगल आणि पाटबंधारे या बाबी प्रांतांकडे गेल्या. आयात-निर्यातीवरील जकात, प्राप्तिकर, मीठ आणि अफू या बाबी मध्यवर्ती सरकारकडे राहिल्या. या वाटणीमुळे मध्यवर्ती अंदाजपत्रकात मोठी तूट येणार होती. ती प्रांतांच्या वर्गणीतून भरून काढावी असे ठरले आणि वर्गणीचे प्रमाण निश्चित करण्यासाठी लॉर्ड मेस्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने १९२० साली अहवाल दिला.

मेस्टन निवाड्याचे स्वरूप

मेस्टन समितीने १९२१-२२ साठी एकूण ९८३ लाख रुपयांची वर्गणी निश्चित केली. त्यात मद्रास ३४८ लाख, संयुक्त प्रांत २४० लाख, पंजाब १७५ लाख, ब्रह्मदेश ६४ लाख, बंगाल ६३ लाख, मुंबई ५६ लाख, मध्यप्रांत व वऱ्हाड २२ लाख आणि आसाम १५ लाख अशी विभागणी होती. बिहार व ओरिसा प्रांतास वर्गणी माफ होती.

१९२१ च्या जनगणनेतील स्थूल लोकसंख्येने या रकमांना भागल्यास दरडोई चित्र स्पष्ट होते. पंजाब आणि मद्रास यांची वर्गणी दरडोई सुमारे तेरा आणे, संयुक्त प्रांताची साडेआठ आणे, मुंबईची साडेचार आणे, मध्यप्रांत व वऱ्हाडाची अडीच आणे आणि बंगालची दोन आणे इतकी येते. केवळ या आकड्यांवरून पाहता मुंबईची तक्रार निराधार वाटते व मद्रासची तक्रार न्याय्य ठरते.

परंतु समितीने वर्गणी लोकसंख्येवर आधारलेली नव्हती. नव्या वाटणीमुळे प्रत्येक प्रांताची खर्च करण्याची शक्ती किती वाढते, हा समितीचा निकष होता. ही वाढ मद्रासच्या बाबतीत ५७६ लाख, संयुक्त प्रांताच्या बाबतीत ३९७ लाख, बंगालच्या बाबतीत १०४ लाख आणि मुंबईच्या बाबतीत अवघी ९३ लाख रुपये होती. मुंबईचे ५६ लाख हे तिच्या वाढीव खर्चशक्तीच्या सुमारे साठ टक्के होते. मद्रासचे ३४८ लाखही तिच्या वाढीच्या साठ टक्केच होते. बंगाल, पंजाब व संयुक्त प्रांत यांचे प्रमाणही तेच होते. दरडोई तिप्पट तफावत दाखविणारी वर्गणी या निकषावर मात्र समान ठरत होती.

ही प्रारंभिक वर्गणी कायम राहावी असे समितीस अभिप्रेत नव्हते. सात वर्षांत प्रांतांनी आपापल्या करदेय क्षमतेनुसार ठरविलेल्या प्रमाणित वर्गणीपर्यंत पोहोचावे, अशी तिची योजना होती. या प्रमाणित वर्गणीत बंगालचा वाटा १९ टक्के, संयुक्त प्रांताचा १८, मद्रासचा १७, मुंबईचा १३ आणि बिहार व ओरिसाचा १० टक्के होता. कोणत्याही प्रांताची वर्गणी प्रारंभिक रकमेहून वाढू नये, असा निर्णय संयुक्त संसदीय समितीने घेतल्याने ही योजना बाजूस पडली. क्षमतेच्या निकषावर प्रांतांची तुलना करण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता. तो कागदावरच राहिला.

मुंबईची तक्रार आणि तिची मर्यादा

मुंबईचा मुख्य आक्षेप वर्गणीच्या रकमेवर नसून प्राप्तिकराच्या वाटणीवर होता. व्यापार आणि उद्योग यांवर उभा असलेला प्रांत आपल्या वाढत्या संपत्तीवरील कर मध्यवर्ती सरकारला देतो, आणि स्वतःच्या गरजांसाठी मात्र जमीनमहसूल व अबकारी या फारसे न वाढणाऱ्या बाबींवर अवलंबून राहतो, असा हा युक्तिवाद होता. तो दखलपात्र असल्यामुळे नियमावलीच्या पंधराव्या नियमान्वये प्राप्तिकरातील वाढीचा काही अंश प्रांतांना देण्यात आला. करपात्र उत्पन्नात १९२०-२१ च्या पातळीहून जी वाढ होईल, तिच्यावर रुपयामागे तीन पै असे त्याचे प्रमाण होते. तथापि १९२०-२१ हे युद्धोत्तर तेजीचे वर्ष होते. पुढील मंदीत मुंबईतील उत्पन्ने घसरल्यामुळे या सवलतीचा मुंबईस फारसा लाभ झाला नाही.

असे असले तरी मुंबईच्या युक्तिवादात एक मूलभूत दोष होता. कर जेथे गोळा होतो तेथील लोकच तो भरतात, हे त्यात गृहीत धरले होते. मुंबई बंदरात भरलेली आयात जकात मालाच्या किमतीत मिसळून नागपूर, इंदूर वा लाहोर येथील ग्राहकापर्यंत पोहोचत असे. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या कंपनीचा प्राप्तिकर मुंबईत जमा होई. तिचा नफा मात्र देशभरच्या बाजारपेठेतून आलेला असे. गिरणीच्या कापडावरील साडेतीन टक्के उत्पादनशुल्क १८९६ पासून १९२५ अखेर तहकूब होईपर्यंत प्रामुख्याने मुंबई व अहमदाबाद येथे वसूल होत होते. त्याचा भार गिरणीमालकावर पडतो की कापड विकत घेणाऱ्यावर, हा प्रश्न त्या काळीही वादग्रस्त होता. सारांश, संकलनाचे स्थान आणि करभाराचे स्थान एकच मानणे योग्य नव्हते.

करदात्याच्या दृष्टीने तुलना

जमीनमहसुलाचा भार मात्र दुसऱ्या प्रांतावर ढकलता येण्यासारखा नव्हता. तो ज्या गावात वसूल होई त्याच गावातील रयतेवर पडे. या बाबतीत प्रांताप्रांतांतील फरक अतिशय मोठा होता. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे सरकारचा सारा कायमचा गोठला होता. त्यामुळे बंगालच्या प्रांतिक सरकारला जमिनीच्या वाढत्या उत्पन्नातून काही मिळत नव्हते. जमीनदारास देय असलेला खंड मात्र कुळांना चुकत नव्हता. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पद्धतीनुसार बहुतांश ठिकाणी तीस वर्षांनी साऱ्याची फेरआकारणी होई. प्रत्येक फेरआकारणीत वाढीची शक्यता असे. १९२८ चा बार्डोली सत्याग्रह याच इलाख्यात झाला. तेथे सरकारने लादलेली सुमारे बावीस टक्क्यांची सारावाढ ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीनंतर सुमारे सहा टक्क्यांवर आली.

प्राप्तिकर आणि जमीनमहसूल यांतील विषमतेवर डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळातील अर्थसंकल्पीय चर्चेत नेमके बोट ठेवले. उत्पन्न झाले नाही तर व्यापाऱ्यास प्राप्तिकर द्यावा लागत नाही. शेतकऱ्यास मात्र जमीन कितीही लहान असो व पीक बुडालेले असो, सारा भरावाच लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. प्राप्तिकरास किमान करमुक्त उत्पन्नाची मर्यादा होती. जमीनमहसुलास तशी कोणतीही मर्यादा नव्हती. प्रांतिक महसुलाचा दुसरा मोठा आधार असलेल्या अबकारीचा भारही मुख्यतः श्रमिक वर्गावरच पडत होता. मद्यबंदी करावी तर शिक्षणासारख्या खात्यांसाठी पैसा कोठून आणावा, हा पेच द्विदल राज्यपद्धतीच्या काळात मुंबईच्या मंत्र्यांसमोर कायम राहिला.

येथे मुंबईच्या तक्रारीतील खरा मुद्दा दिसून येतो. प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेल्यामुळे श्रीमंत मुंबई शहराच्या संपत्तीपासून प्रांतिक सरकार वंचित झाले आणि आपला खर्च रयत व श्रमिक यांच्याकडून वसूल करीत राहिले. प्रांतांमधील अन्यायाबरोबरच प्रांतांतर्गत अन्यायही या वाटणीने पक्का केला. परिषदांतून आणि निवेदनांतून मांडला गेला तो मुख्यतः पहिला अन्याय. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यानंतर दुसऱ्या अन्यायाच्या निवारणाचा काही प्रयत्न झाला. १९३९ साली मुंबई शहरात मद्यबंदी लागू करताना बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मिळकतीवर दहा टक्के कर बसविण्यात आला.

नीमेयर ते नियोगी

प्रांतिक वर्गणी १९२७-२८ मध्ये तहकूब व १९२८-२९ पासून कायमची रद्द झाली. त्यानंतर वादाचे केंद्र प्राप्तिकराकडे वळले. १९३५ च्या कायद्यानुसार सर ऑटो नीमेयर यांनी १९३६ साली दिलेल्या निवाड्यात प्राप्तिकराचा निम्मा हिस्सा प्रांतांना देण्याचे ठरले. त्यात मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी २० टक्के, मद्रास व संयुक्त प्रांत यांना प्रत्येकी १५ टक्के आणि बिहारला १० टक्के वाटा मिळाला. संकलन व लोकसंख्या या दोन्ही निकषांची ती तडजोड होती.

फाळणीनंतरची फेरवाटणी चिंतामणराव देशमुख यांच्या १९५० च्या निवाड्याने स्थिर झाली. त्यानुसार मुंबईस २१, उत्तर प्रदेशास १८, मद्रासला साडेसतरा आणि पश्चिम बंगालला साडेतेरा टक्के मिळाले. के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वित्त आयोगाने १९५२ साली प्राप्तिकरातील राज्यांचा हिस्सा ५५ टक्के केला. त्याच्या वाटणीत लोकसंख्येस ८० टक्के व संकलनास २० टक्के महत्त्व दिले. मुंबईचा वाटा साडेसतरा टक्क्यांवर आला. पूर्वीच्या संस्थानी प्रदेशांची राज्ये वाटणीत नव्याने सामील झाली, हेही या घटीचे एक कारण होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मेस्टन निवाड्यातील वर्गणी दरडोई मोजल्यास मुंबईवरील भार मद्रास व पंजाब यांच्यापेक्षा कमी होता. वाढीव खर्चशक्तीच्या प्रमाणात मोजल्यास तो समान होता. मुंबईत जमा होणाऱ्या प्राप्तिकराचा विचार केल्यास मुंबईची तक्रार सबळ दिसते. निकष बदलताच पीडित प्रांतही बदलतो.

२. संकलनाच्या आकड्यांवरून बंदर व व्यापारी केंद्र असलेल्या प्रांताचा करभार ठरविणे दिशाभूल करणारे आहे. वस्तू व सेवा कराने २०१७ पासून उपभोगाच्या स्थानास महत्त्व दिले. त्यामागील तत्त्वाची बीजे या जुन्या वादातही आढळतात.

३. प्रांतांची तुलना करताना प्रांतांतर्गत वर्गांची तुलना झाकली जाते. मुंबई इलाखा जास्त कर देतो की कमी, यापेक्षा इंदापूरचा शेतकरी आणि मुंबईचा व्यापारी यांपैकी कोण आपल्या उत्पन्नाचा किती भाग देतो, हा प्रश्न अधिक मूलगामी होता.

राज्याराज्यांतील करवाटपाचा वाद आजही संपलेला नाही आणि तो पुढेही चालेल. त्या वादात दोन्ही बाजूंकडून मांडल्या जाणाऱ्या आकड्यांमागे प्रत्यक्ष कर देणारा कोण आहे, याची विचारणा प्रथम झाली पाहिजे, हाच १९२० ते १९५२ या कालखंडाचा धडा आहे.