पारध्याची गाय, साहेबाचा बैल

टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना दरवाज्यातून सकाळी आत शिरणाऱ्या जिप्सींत हातभर लांब लेन्स हमखास दिसते. ती आणलेली असते वाघासाठी. वाघानं दर्शन दिलं नाही की मग ती नीलपंखाकडे, स्वर्गीय नर्तकाकडे वळते. लेन्सचं कूळ शोधायचं तर जर्मनी आणि जपानकडे जावं लागेल. पण तिच्यामागे दबा धरून बसण्याची जी विद्या आहे, तिचा माग काढायला यवतमाळ सोडून फार लांब जावं लागत नाही.

रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ लिहिला. त्यात पारध्यांच्या पोटभेदांची यादी आहे. फासे लावणारे फासेपारधी, चित्ता पाळणारे चितेवाले आणि बैलाच्या आडोशानं सावज गाठणारे गायके, म्हणजेच गायपारधी. चरणाऱ्या गुराला हरीण बिचकत नाही की पाखरू. दोन पायांवर चालत येणाऱ्या माणसाला मात्र दोघंही बिचकतात. तेव्हा माणसानं गुराच्या कडेनं, त्याच्या चालीनं चालायचं. तितर धरायची तऱ्हा आणखी निराळी: पाळीव तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवायचा, तो ओरडला की रानातला तितर भांडायला येतो आणि फाशात सापडतो.

आता इंग्लंडमध्ये जाऊ. यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ पक्ष्यांच्या छायाचित्रणाचे आद्यपुरुष. चेरीनं 1892 च्या एप्रिलमध्ये अंड्यांसकट एका घरट्याचं छायाचित्र काढलं आणि 1895 मध्ये दोघांनी घरट्यांवरचं अख्खं पुस्तकच छायाचित्रांनी सजवलं. पण पक्षी जवळ येऊ देईनात. तेव्हा 1900 च्या सुमारास त्यांनी लंडनच्या एका नामांकित पेंढा भरणाऱ्याकडून पोकळ बैल करवून घेतला. वर खरं कातडं, आत हलका सांगाडा, त्यात माणूस आणि कॅमेरा. एकदा आत कोंडून रिचर्डला भोवळ आली आणि बैल चारी पाय वर करून आडवा झाला. कीअर्टन बंधूंनी वऱ्हाडातल्या पारध्यांचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. पाखराला फसवायचं ठरवलं की दोन्हीकडची माणसं बैलापाशीच येऊन पोचतात, एवढंच. फरक असा की साहेबाला त्यासाठी मेलेला बैल लागला.

त्याआधी, 1882 मध्ये, फ्रान्समध्ये मारे नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं फोटो काढणारी बंदूकच बनवली होती. खांद्याला लावायची, उडत्या पक्ष्यावर धरायची, चाप ओढायचा; सेकंदाला बारा चित्रं. आजचा कॅमेरा सेकंदाला वीस चित्रं घेतो, त्याचा पणजोबा हाच.

खऱ्या बंदुकीनं तोवर हिंदुस्थानातलं पक्षिशास्त्र उभं केलं होतं. ॲलन ह्यूम यांनी 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात पक्ष्यांची हजारो कातडी होती. नागपूरच्या अजबबंगल्याचे डी'ॲब्र्यू यांनी 1935 मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी छापली, तिच्यामागेही असेच नमुने होते. पक्षी मारणं मला रुचत नाही. पण त्या मेलेल्या पाखराच्या पायाला एक चिठ्ठी असे: तारीख, ठिकाण, नर की मादी, कोणी मारला. ह्या चिठ्ठीमुळे ते पाखरू शंभर वर्षांनंतरही साक्ष देतं. याच काळात गाईआडून शिकार करणारा पारधी मात्र गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात सापडला. तो शिक्का 1952 मध्ये पुसला गेला, तोही कागदावर.

चिठ्ठीचं मोल रानपिंगळ्यानं शिकवलं. 1884 नंतर हा पक्षी कोणाला मिळालाच नव्हता. कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्याकडे 1914 चा गुजरातेतला नमुना होता, पण तो जुनाच नमुना चोरून वर खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मधल्या काळात एका छायाचित्राच्या आधारे तो दिसल्याचा दावा झाला, तर चित्रातला पक्षी आपला रोजचा ठिपकेवाला पिंगळा होता. अखेर पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याचं चित्रण केलं, बंदूक लागली नाही. टिपेश्वर अभयारण्य झालं तेही याच वर्षी.

फिल्मच्या काळात रोलमध्ये छत्तीस चौकटी असत आणि रोल धुऊन येईपर्यंत काय टिपलं ते कळत नसे, म्हणून माणूस वहीत नोंद करी. डिजिटल आलं, चौकटी फुकट झाल्या आणि वही सुटली. पारध्याची विद्या तेवढी शाबूत राहिली. नवरंगाची शीळ मोबाइलवर वाजवून त्याला झुडपाबाहेर काढणारा छायाचित्रकार पिंजऱ्यातल्या तितराचंच काम करून घेतो. फक्त पारध्याला घरी चूल पेटवायची असे. विणीच्या दिवसांत खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात पक्ष्याची ताकद जाते, तिची भरपाई कोण करणार? शेजारच्या अकोला–वाशीम पट्ट्यात फासेपारधी समाजातले लोक तणमोर राखायच्या कामात उतरले आहेत, हेही इथंच सांगितलं पाहिजे.

पक्षीवाल्यांत ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणून एक प्रकार असतो: हललेला, धूसर, लांबचा फोटो, पण पक्षी ओळखू येतो. हा फोटो मिरवायला लोक लाजतात. माझ्या मते तारीख-ठिकाण असलेला असा फोटो बिनपत्त्याच्या देखण्या चित्रापेक्षा सरस. अमूर ससाणा ईशान्य भारतातून निघून मध्य भारतावरून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागात हिवाळा काढायला जातो. नोव्हेंबरात यवतमाळवर तो दिसला आणि टिपला, तर त्या नोंदीचा उपयोग तिकडच्या अभ्यासकालाही आहे. चातक पावसाबरोबर येतो. कोणत्या वर्षी लवकर, कोणत्या वर्षी उशिरा, हे नोंदींवरूनच कळेल. तेव्हा यवतमाळच्या कॅमेरेवाल्यांना एकच विनंती: शीळ वाजवू नका, घरट्याचा पत्ता कोणाला देऊ नका, आणि हार्ड डिस्कमध्ये पडलेले रेकॉर्ड शॉट तारीख-ठिकाणासह ई-बर्डवर चढवा. माळटिटवीचेसुद्धा.