डेअरीच्या भंगार टाक्यांतून उभी राहिली ब्रुअरी; गावाला आणि गोठ्यांना काय मिळालं?

बिअरचा कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळूजची एमआयडीसी येते. उंच टाक्या, ट्रकच्या रांगा आणि कंपनीचं मोठं गेट. पण बिअर छोट्या प्रमाणातही बनते. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच निघाल्या. यांना मायक्रोब्रुअरी किंवा क्राफ्ट ब्रुअरी म्हणतात. एका वेळी हजार-दोन हजार लिटरचा घाणा, चार-पाच माणसं आणि माल बहुतेक आसपासच खपवायचा, असा हा धंदा.

हा धंदा अजून शहरांतच जास्त आहे. पण शेतीवर जगणाऱ्या गावात अशी ब्रुअरी निघाली आणि वाढत गेली, तर पाण्याचं काय होतं, जनावरांना काय मिळतं, पोरांवर काय परिणाम होतो? याचं उत्तर शोधायला अमेरिकेतलं चिको हे गाव चांगलं आहे. तिथे हा प्रयोग 40 वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

गाव कसं आहे?

चिको कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात आहे. आजूबाजूला बदाम आणि अक्रोडाच्या बागा, भाताची शेती, आणि गावात एक विद्यापीठ. 1980 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 26 हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. आज ती एक लाखाच्या वर आहे.

केन ग्रॉसमन हा तरुण 1972 मध्ये या गावात राहायला आला. 1976 मध्ये त्याने घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी लागणाऱ्या सामानाचं छोटं दुकान टाकलं. त्या काळात अमेरिकेत बिअर म्हणजे चार-दोन मोठ्या कंपन्यांचा खेळ होता आणि देशभरात 100 ब्रुअऱ्यासुद्धा उरल्या नव्हत्या. बाजारात छोट्या ब्रुअरीसाठी बनवलेली यंत्रं मिळायचीच नाहीत आणि मोठी परवडायची नाहीत. मग ग्रॉसमन आणि त्याचा भागीदार पॉल कॅमुसी यांनी बंद पडलेल्या दूध डेअऱ्यांच्या स्टीलच्या टाक्या भंगारातून उचलल्या. बाटल्या भरायला कोल्ड्रिंकच्या कारखान्यातलं जुनं मशीन आणलं. वेल्डिंग ग्रॉसमन स्वतः शिकला, तेही शेतीची अवजारं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या तिथल्या कॉलेजात. भांडवलासाठी घरच्यांकडून आणि मित्रांकडून पैसे उसने घेतले. कंपनीचं नाव जवळच्या डोंगररांगेवरून ठेवलं, सिएरा नेवाडा.

नोव्हेंबर 1980 मध्ये पहिला घाणा निघाला. पुढे जी बिअर त्यांची ओळख बनली, त्या पेल एलचे सुरुवातीचे दहाएक घाणे त्यांनी गटारात ओतून दिले, कारण प्रत्येक वेळी चव सारखी येत नव्हती. उसन्या पैशावर चाललेल्या धंद्यात हे सोपं नाही. दूध संघात फॅट लागली नाही म्हणून कॅन परत आल्यावर काय वाटतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते कळेल.

बिअर बनते कशी?

बिअरला चार गोष्टी लागतात: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, मग भट्टीत वाळवलेला सातू, म्हणजे बार्ली. आपण नाचणीला मोड आणून वाळवतो, त्यातलाच प्रकार. हॉप्स ही वेलीवरची फुलं, त्यांनी कडवटपणा आणि वास येतो. यीस्ट म्हणजे पावात असतं ते किण्व.

सकाळी माल्ट भरडायचा. पीठ करायचं नाही, फक्त दाणा फुटला पाहिजे. तो 65 ते 67 अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग गोड पाणी गाळून बाजूला काढायचं आणि चोथा वेगळा. ते पाणी तास-दीड तास उकळायचं, त्यात हॉप्स टाकायचे, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. पुढचे काही दिवस टाकीत आंबवण चालतं. बाकीचं सगळं काम म्हणजे धुलाई. टाक्या, पाइप, नळ, फरशी, पुन्हा टाक्या. ब्रुअरीत नोकरी म्हणजे दिवसभर बिअर चाखत बसायचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने गमबूट घालायची तयारी ठेवावी.

एक धोका मात्र खरा आहे. आंबवताना कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि तो टाकीच्या तळाशी साठतो. तपासणी न करता माणूस आत उतरला तर काही क्षणांत बेशुद्ध पडतो. जुन्या विहिरीत किंवा गटाराच्या टाकीत उतरून माणसं दगावतात, तसाच हा प्रकार.

गोठ्याला मिळणारा चोथा

शेतकऱ्याच्या दृष्टीने ब्रुअरीतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बाटली नाही, चोथा. 100 लिटर बिअरमागे साधारण 20 किलो ओला चोथा निघतो. चिकोत हा चोथा वर्षानुवर्षं जनावरांना जातो. विद्यापीठाच्या शेतावर तो खाऊन वाढलेल्या गुरांचं मांस ब्रुअरीच्या स्वतःच्या हॉटेलात वापरलं जायचं. आपल्याकडेही मोठ्या ब्रुअऱ्यांच्या आसपासच्या गोठ्यांत हा माल पोहोचतो.

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: गाईला चढेल का? नाही. चोथा आंबवणीच्या आधीच बाजूला निघतो, त्यामुळे त्यात दारू नसते. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ मात्र वेगळा. त्यात अल्कोहोल आणि जिवंत यीस्ट असतं, पोट फुगतं. तो गाळ फुकट मिळाला तरी जनावराला तसाच घालू नये.

आता पैशाचा हिशेब. ओल्या चोथ्यात 75 ते 80 टक्के पाणीच असतं. म्हणजे 100 किलो चोथा आणला तर कोरडा माल 20 ते 25 किलो. त्या कोरड्या मालात साधारण 20 ते 30 टक्के प्रथिनं, म्हणजे 100 किलो ओल्या चोथ्यातून हाती लागणारी प्रथिनं सुमारे पाच-साडेपाच किलो. सरकी पेंडेत 20 ते 25 टक्के प्रथिनं धरली, तर प्रथिनांच्या हिशेबाने 100 किलो चोथा बावीस-पंचवीस किलो पेंडेच्या जागी बसतो. तुमच्या गावातला पेंडेचा भाव या आकड्याने गुणा, त्यातून गाडीभाडं वजा करा. उरलेल्या रकमेपेक्षा चोथा महाग पडत असेल तर घेऊ नका. फार लांबून आणलेला चोथा बहुतेक वेळा परवडत नाही, कारण आपण भाडं पाण्याचंच देत असतो.

तो टिकतही नाही. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो आणि बुरशी धरतो. बुरशी लागलेला चोथा थोडासाही घालू नये. त्यातलं विष दुधात उतरू शकतं, आणि एका जातीच्या बुरशीने जनावराच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन मागचे पाय लटपटतात, जनावर बसतं ते उठत नाही. जास्त दिवस ठेवायचा असेल तर मुरघासासारखा भरावा: कुट्टी किंवा भुसा मिसळून पाणी कमी करायचं, हवा राहणार नाही असं दाबायचं, प्लास्टिकने बंद करायचं.

चोथ्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून खनिज मिश्रण बंद करू नये. सुरुवात एक-दोन किलोने करावी. मोठ्या दुभत्या गाईलाही दिवसाला आठ-दहा किलोच्या पुढे जायचं तर आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारावं. नुसत्या चोथ्यावर जनावर ठेवायचं नाही, सोबत कडबा हवाच.

पाणी किती लागतं?

एक लिटर बिअर बनवायला एक लिटर पाणी पुरत नाही. चांगल्या चालणाऱ्या मोठ्या कारखान्यात चार ते सहा लिटर लागतं, छोट्या ब्रुअरीत धुलाई जास्त असल्याने ते त्याहून वाढतं. हा विषय मराठवाड्याला नवा नाही. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्के कपात करायला लावली होती, कारण लोकांना प्यायला पाणी नव्हतं.

छोटी ब्रुअरी एवढं पाणी ओढत नाही, पण एका गावच्या योजनेवर तिचा भार जाणवू शकतो. शिवाय प्रश्न फक्त किती घेतलं एवढाच नाही, किती घाण सोडलं हाही आहे. ब्रुअरीच्या सांडपाण्यात साखर, प्रथिनं, यीस्ट असतं. ते ओढ्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. चिकोच्या ब्रुअरीने वाढल्यावर स्वतःचा सांडपाणी प्रकल्प बांधला आणि त्यातून निघणारा गॅस इंधन म्हणून वापरला. तत्त्व आपल्या गोबर गॅसचंच. छपरांवर आणि पार्किंगवर दहा हजारांहून जास्त सोलर पॅनेलही लावले. मात्र हे सगळं धंदा मोठा झाल्यावर जमलं, भंगार टाक्यांच्या दिवसांत नाही. आपल्याकडे कुणी अशी ब्रुअरी काढायला आलं तर ग्रामसभेने पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारावेत: पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे जाणार?

वणवा आला तेव्हा

8 नोव्हेंबर 2018 ला चिकोजवळच्या डोंगरात वणवा पेटला आणि काही तासांत शेजारचं पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. 85 माणसं गेली, 18 हजारांहून जास्त बांधकामं नष्ट झाली. ब्रुअरीच्या अनेक कामगारांचीही घरं त्यात गेली.

कंपनीने त्या वेळी रेझिलियन्स नावाची एक बिअर काढली. तिची कृती सगळ्यांना मोकळी करून दिली आणि देशभरच्या ब्रुअऱ्यांना सांगितलं, तुम्हीही बनवा आणि विक्रीचे सगळे पैसे वणवाग्रस्तांना द्या. 1,400 हून जास्त ब्रुअऱ्या सामील झाल्या. माल्ट आणि हॉप्स विकणाऱ्यांनीही माल दिला. पुढे काही ब्रुअऱ्यांनी कबूल केलेले पैसे वेळेवर पाठवले नाहीत आणि ग्रॉसमनला पुन्हा आठवण करून द्यावी लागली, हेही खरं. मदतीचे आकडे जाहीर होतात त्या दिवशी आणि पैसे पोहोचतात त्या दिवशी वेगळे असतात, हे आपल्याला पूर-दुष्काळातून ठाऊक आहे.

दारूचा प्रश्न

हे सगळं सांगताना ती शेवटी दारूच आहे, हे झाकून चालणार नाही. बिअरमध्ये साधारण पाच टक्के अल्कोहोल असतं, कडक प्रकारांत सात-आठ टक्केही. चिकोचं विद्यापीठ पोरांच्या पिण्यासाठी बरीच वर्षं बदनाम होतं. 2012 मध्ये दारूशी जोडलेल्या विद्यार्थी-मृत्यूंनंतर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मंडळांचे सगळे कार्यक्रम काही काळ थांबवले. याचा दोष गावातल्या ब्रुअरीवर टाकता येत नाही, पण गावात नावाजलेली ब्रुअरी असल्याने प्रश्न सुटलाही नाही.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षं आहे, कडक दारूसाठी 25. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. बाकी ठिकाणी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलेली गावं आपल्या वाचकांना सांगायला नकोत. ज्या घरात रोजची मजुरी गुत्त्यावर जाते, त्या घराला क्राफ्ट बिअर आणि देशी यातला फरक समजावण्यात अर्थ नाही.

सध्या काय चाललंय?

सिएरा नेवाडाने अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनात मिल्स रिव्हर या छोट्या गावी दुसरी ब्रुअरी बांधली. कॅमुसीचा हिस्सा ग्रॉसमनने 1990 च्या दशकातच विकत घेतला होता. पण धंद्याचे दिवस पहिल्यासारखे नाहीत. अमेरिकेत आता 9 हजारांहून जास्त ब्रुअऱ्या आहेत आणि पिणारे कमी होत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची 1896 पासूनची अँकर ब्रुअरी 2023 मध्ये बंद पडली. 2024 मध्ये देशभरात नव्या निघालेल्या ब्रुअऱ्यांपेक्षा बंद झालेल्या जास्त होत्या. ब्रुअरी बंद झाली की चोथ्याची गाडीही त्याच दिवशी थांबते, म्हणून चोथा मिळत असला तरी वैरणीचं रान मोडू नये.