कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे कुठे आणि कधी भरायचे? पीएफ, ईएसआय, व्यवसाय कराचा सगळा हिशोब

तालुक्याच्या ठिकाणी डाळ मिल, बेकरी, जिनिंग, वर्कशॉप किंवा खासगी दवाखाना चालवणाऱ्या मालकाचा हिशोब बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. पगारातून पीएफ कापला जातो, पगारपत्रकावर तसा आकडाही लिहिला जातो. पण हंगामात पैशांची ओढाताण झाली की तीच रक्कम मालात फिरवली जाते. पुढच्या महिन्यात एकदम भरू म्हणता म्हणता तीन-चार महिने जातात. कापलेला पैसा मात्र कापल्या क्षणापासून कामगाराचा असतो. तो भरला नाही तर थकबाकी निघतेच, शिवाय फौजदारी विश्वासघाताचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये पीएफ आणि ईएसआयच्या कापलेल्या रकमेचा स्पष्ट उल्लेख आहे.

कोणाला काय लागू?

२० किंवा जास्त माणसे कामाला असतील तर पीएफ लागू होतो. मोजताना फक्त कायम कामगार धरून चालत नाही. रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, मुकादमाने आणलेले सगळे धरायचे. एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसे १५ वर आली तरी सुटका नाही.

ईएसआयसाठी १० कामगारांची अट आहे आणि महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. जिनिंग-प्रेसिंग, गूळ, साखर असे हंगामी कारखाने ईएसआयमधून वगळलेले आहेत. त्यामुळे अनेक जिनिंगवाल्यांचा समज होतो की पीएफमधूनही सूट आहे. तशी सूट नाही.

व्यवसाय कराला कामगारांच्या संख्येची अट नाही. साडेसात हजारांपेक्षा जास्त पगाराचा एकच पुरुष कामगार असला तरी मालकाला व्यवसाय कराची नोंदणी घ्यावी लागते. साडेसात ते दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये आणि दहा हजारांच्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाचे २,५००. महिला कामगारांना २५ हजार पगारापर्यंत हा कर नाही. तरीही काही ठिकाणी सरसकट सगळ्यांचे २०० कापले जातात, ते चूक आहे. मालकाने कर कापला नाही तरी भरण्याची जबाबदारी त्याचीच राहते. स्वतःच्या नावाचा वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर मालकाला ३० जूनपर्यंत वेगळा भरावा लागतो.

१२ हजार पगाराचे गणित

समजा एका पुरुष कामगाराचा पगार १२ हजार आहे आणि त्यात वेगळे भत्ते नाहीत. त्याच्या पगारातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये जाईल. हातात १०,२७० पडतील.

मालकाने खिशातून पीएफचे १,४४० घालायचे. त्यातले सुमारे हजार रुपये पेन्शन खात्यात आणि ४४० पीएफ खात्यात जातात. विम्याचे ६० आणि प्रशासकीय खर्चाचे ६० रुपये वेगळे. ईएसआयचा मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये. एकूण १२ हजारांचा कामगार मालकाला १३,९५० रुपयांना पडतो. कामाला ठेवतानाच हा आकडा धरला पाहिजे. काही जण नंतर मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून वळता करतात. कायद्याने ते चालत नाही.

उचल दिली असेल तर पीएफ उचल वजा करून उरलेल्या रकमेवर काढायचा नाही, कमावलेल्या वेतनावर काढायचा. मूळ पगार अगदी कमी आणि भत्ते भरमसाट दाखवण्याची युक्तीही आता चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

१५ तारीख

पीएफ आणि ईएसआय दोन्हींची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५. जुलैच्या पगाराचे पैसे १५ ऑगस्टच्या आत. पीएफसाठी पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, ती २०१६ मध्ये बंद झाली. जुने हिशोबनीस अजून २० तारीख सांगतात, त्यांच्यावर विसंबू नये.

पीएफच्या पोर्टलवर कामगारनिहाय ईसीआर भरायचा, त्यातून चलन तयार होते आणि ते नेटबँकिंगने भरायचे. ईसीआर भरला पण चलन भरायचे राहिले, असे खूप होते. १५ तारखेला सर्व्हर अडतो, म्हणून १० तारखेच्या आत काम उरकलेले बरे. ईएसआयचे पोर्टल वेगळे आहे आणि व्यवसाय कर महाजीएसटीवर भरतात. मागच्या वर्षीचा व्यवसाय कर एक लाखापेक्षा कमी असेल तर वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत पैसे आणि विवरण भरले की झाले. बाकीच्यांना दरमहा.

खरा वेळ जातो तो आधारमध्ये. आधारवर नाव एक, बँकेत दुसरे, जन्मतारीख तिसरीच. अशा कामगाराचा यूएएन निघत नाही किंवा केवायसी अडकते. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळणी करून काढावा लागतो. त्यामुळे माणूस कामावर आला त्याच दिवशी मोबाईल हातात घेऊन हे काम करावे.

उशीर झाला तर

वरच्याच पगाराचे २२ कामगार धरले तर महिन्याचा पीएफ भरणा ६६ हजार होतो. थकलेल्या पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि त्याशिवाय दरमहा १ टक्का दंड आहे. एका महिन्याच्या भरण्याला चार महिने उशीर झाला तर साधारण ५,२८० रुपये जादा जातात.

यापेक्षा मोठा फटका कामगार दगावला किंवा जखमी झाला तर बसतो. पीएफ सुरू असताना कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसांना कमाल ७ लाखांपर्यंत विमा मिळतो. शिवाय पत्नीला पेन्शन मिळते. भरणाच नसेल तर हा दावा रखडतो आणि घरचे लोक मालकाच्या दारात येऊन बसतात. ईएसआयची नोंदणी न करता माणूस मशीनवर उभा केला आणि हात गेला, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

पगारावरचा आयकर म्हणजे टीडीएस बहुतेक छोट्या मालकांना लागत नाही, कारण नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला करच बसत नाही. दवाखान्यात जास्त पगाराचे डॉक्टर असतील तर मात्र टॅन नंबर घ्यावा. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा आणि तिमाही विवरण द्यायचे. विवरण चुकले तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क आहे.

कामगाराने काय बघावे

पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून पैसे जमा झाले असे समजू नये. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून महिनावार नोंद पाहावी, किंवा यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यावा. शिल्लक मेसेजने येते. नोंद दोन महिने दिसली नाही तर आधी मालकाकडे चलनाची पावती मागावी. ती मिळाली नाही तर पगारपत्रक आणि बँक पासबुकाचा फोटो जोडून पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. नोकरी सोडलेल्या कामगारालाही ती करता येते.