रेडिएशनने ‘ऑन’ होणारे नॅनोकण: कॅन्सरच्या उपचारात नेमकं काय बदलतं?

उमरखेडमधल्या एखाद्या घरात तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की रेडिएशनसाठी नागपूर-मुंबईसारखं मोठं शहर गाठावं लागतं. उपचार साधारण सहा-सात आठवडे चालतात, आठवड्यातून पाच दिवस. हळूहळू तोंडात फोड येतात, घास गिळवत नाही. गाठीवर सोडलेल्या किरणांची झळ आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही बसते, म्हणून डॉक्टरांना डोस हवा तेवढा वाढवता येत नाही. नॅनोकणांचा शोध याच अडचणीसाठी आहे.

हे काम कसं करतं?

एक्स-रे फोटोत हाड पांढरं दिसतं, कारण हाडातलं कॅल्शियम मांसापेक्षा जास्त किरणं अडवतं. अणू जितका जड, तितकी अडवण्याची ताकद जास्त. मांसातल्या कार्बनचा अणुक्रमांक 6, ऑक्सिजनचा 8. हाफ्नियम या धातूचा 72!

म्हणून हाफ्नियम ऑक्साइडचे साधारण 50 नॅनोमीटरचे कण इंजेक्शनने थेट गाठीत सोडतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग.) मशीन सुरू झालं की कण किरणं शोषतात आणि त्यांच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हे इलेक्ट्रॉन कॅन्सर पेशींचा डीएनए तोडतात. मशीन बंद झालं की कणही शांत. ते स्वतः किरणोत्सारी नसतात. थोडक्यात, बाहेरचा डोस तोच, पण गाठीच्या आत मारा जास्त.

पुरावा किती?

फ्रान्सच्या नॅनोबायोटिक्स कंपनीच्या या कणांना 2019 मध्ये युरोपात सॉफ्ट टिश्यू सार्कोमा या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. चाचणीत ऑपरेशननंतर गाठ तपासली, तेव्हा ती जवळपास पूर्ण मेलेली आढळली असे रुग्ण फक्त रेडिएशन घेणाऱ्यांत 8 टक्के होते आणि कणांसोबत रेडिएशन घेणाऱ्यांत 16 टक्के. म्हणजे दुप्पट. पण हा आकडा गाठीचा आहे, ‘इतके लोक बरे झाले’ असा त्याचा अर्थ होत नाही. तोंड-घशाच्या कॅन्सरच्या ज्या ज्येष्ठ रुग्णांना सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झेपत नाही, त्यांच्यावर 2022 पासून मोठी चाचणी सुरू झाली.

मग आपण काय करायचं?

‘नॅनो’ नावाची गोळी किंवा काढा कॅन्सर बरा करतो, असं रील दिसलं तर विश्वास ठेवू नका. हे कण गाठीतच टोचावे लागतात आणि रेडिएशनशिवाय त्यांचा उपयोग नाही. घरात कुणाचं रेडिएशन चालू असेल, तर नव्या उपचाराची वाट बघत ते मध्येच सोडू देऊ नका. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा मेमोरियल इथल्या डॉक्टरांना थेट विचारा, ‘आमच्या पेशंटसाठी एखादी चाचणी सुरू आहे का?’

आणि खिशात खर्र्याची पुडी असेल, तर ती आजच फेका. त्यासाठी कुठल्याही नॅनोकणाची गरज नाही.